एक पार्ट उरला

५ जानेवारी, रविवार
निश्चय: यापुढे गाडीची सर्व्हिस घरी. स्वतःच्या हाताने. गॅरेजची पायरी चढणार नाही. गेल्या वेळी जरा बॉनेटमध्ये डोकावलो, तर गॅरेजवाला म्हणाला, काका, तुम्ही बाकावर बसा, पेपर वाचा. हे मला! पाणीपुरवठा खात्यात उभी नोकरी पंपांच्या फायली हाताळल्या मी. मशीन म्हणजे काय, ते मला कागदावर पाठ आहे.

महिनाअखेरीला आमची लेक, बबडी, गाडी घेऊन जाणार. फिजिओथेरपिस्टची नोकरी लागली आहे, दुसऱ्या शहरात. पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घ्यायचे. गाडीशिवाय ते जमायचं नाही. फोनवर म्हणाली, मी येईपर्यंत तेवढी सर्व्हिस करून घ्या. मी म्हटलं, करून कशाला घ्यायची, मीच करतो. मग म्हणाली, बरं बाबा. त्या 'बरं बाबा'त केवढा विश्वास होता! हिला मात्र त्यात काळजी ऐकू आली. हिचे कान तपासून घ्यायला हवेत.

१२ जानेवारी, रविवार, दुपार
सर्व्हिस संपन्न. जुनं ऑइल निम्मं ट्रेमध्ये, निम्मं अंगणात. एक चादर कामी आली. कुठली, ते हिला अजून कळलेलं नाही.

आमच्या गाडीचा ऑइल फिल्टर पत्र्याच्या डब्याचा नाही, कार्ट्रिज आहे. म्हणजे घड्या घातलेल्या कागदाची नुसती गुंडाळी. भांड्यात बसवायची, वरून झाकण आवळायचं. जुनी गुंडाळी काढली, तर तिच्या पोटात प्लॅस्टिकची नळी, अंगभर भोकं. नव्या खोक्यात तसली नळी नाही. विचारात पडलो. मग डोक्यात प्रकाश पडला: कंपनीने सुधारणा केली असणार. ऑइलला मोकळी वाट हवी, मध्ये नळीची लुडबुड कशाला? फेकणार होतो, पण दिसायला छान. भांड्यांच्या साबणाने घासली आणि टेबलावर उभी केली. फर्स्ट क्लास पेनस्टँड. बूड नाही, पण टेबलाला आहे की.

काम झाल्यावर एकही स्क्रू उरला नाही. नळी धरत नाही. ती स्क्रू नाही.

१३ जानेवारी, सकाळ
कडाक्याची थंडी. गाडी सुरू केली. ऑइलचा लाल दिवा जरा रेंगाळला. ऑइल नवीन आहे, ओळख व्हायला वेळ लागणारच. ते कानाकोपऱ्यात पोचावं म्हणून जागच्या जागी दणकून रेस दिली. शेजारी खिडकीतून बघत होते. कौतुकाने, बहुतेक.

१६ जानेवारी
इंजिनातून टिकटिक. हिने विचारलं, अहो, शिवणाचं मशीन चालल्यासारखं काय वाजतंय हे? म्हटलं, सर्व्हिसनंतर इंजिन बोलकं होतं. सिग्नलला थांबलं की लाल दिवा डोळे मिचकावतो. मी तिकडे बघत नाही.

१८ जानेवारी, शनिवार
झाकण उघडलं. फिल्टर आतल्या आत चेपलाय, पिळून टाकलेल्या पायपुसण्यासारखा. यातून ऑइल जाणार कसं आणि इंजिनाला मिळणार काय? म्हणून दिवा, म्हणून टिकटिक. निदान अचूक. निम्मी लढाई जिंकली.

आता गुन्हेगार. संशयित पहिला, थंडी. गारठ्यात ऑइल घट्ट होतं आणि त्याचा दाब कागदाला सोसत नाही. दुसरा, ऑइल स्वतः. मी मुद्दाम सगळ्यात जाड आणलं होतं, जाड ते दणकट म्हणून. पण दुकानदाराने अडवायला नको?

जाऊन त्याला सुनावलं. तो शांतपणे म्हणाला, गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच ऑइल घाला काका, आणि जुन्यातलं सगळं परत बसवलंत ना? म्हटलं, अर्थात! स्क्रू मोजून बसवलेत. लोकांना वाटतं, फायलीवाल्याला पाना धरता येत नाही.

१९ जानेवारी
नवा फिल्टर, पातळ ऑइल, दुसरी चादर. हिला गाडी चालवायला बंदी, कारण तिसरी संशयित हीच. सुरू केल्या केल्या ॲक्सिलरेटरवर पाय देते. ही म्हणाली, तुम्ही सर्व्हिस केल्यापासून मी त्या गाडीला हात लावला असेल तर शपथ, जीव काय वर आलाय माझा? मुद्दा नोंदवला. संशय कायम.

पहिल्या चादरीचा शोध लागला आहे.

२३ जानेवारी
दिवा. टिकटिक. दुसराही चेपला! आता शंकाच नको. माल हलका. कागद कुचकामी आणि डिंक त्याहून. कंपनीला चार पानी पत्र लिहिलं. 'आपल्या फिल्टरच्या पोटात दमच नाही' हे वाक्य विशेष जमलं. लिहिता लिहिता पेनस्टँडकडे नजर गेली आणि बरं वाटलं. या घरात एक तरी वस्तू आपलं काम चोख करते आहे. पत्र लगेच पोस्टात टाकलं, नाहीतर राग निवतो.

२७ जानेवारी
बबडीचा फोन. गाडी तयार ना? म्हटलं, एकदम तयार. ती म्हणाली, सोमवारी पहिल्याच दिवशी पाच पेशंट आहेत, एक आजी तर गावाबाहेर राहतात.

फोन ठेवला आणि अंगणात जाऊन गाडीभोवती एक चक्कर मारली. गाडी तयार नाही. रस्त्यात इंजिन बसलं, तर पोरगी एकटी कुठे उभी राहील? ही म्हणाली, उद्या गॅरेजला द्या, नाक कापलं जात नाही त्याने. हिला कळत नाही. बबडीच्या लहानपणी तिच्या सायकलची चेन पडली की ती माझ्याकडे यायची. मी बसवून द्यायचो, हात काळे करून. मग एक दिवस यायची बंदच झाली. स्वतःच बसवायला लागली. कुणी शिकवलं कोण जाणे. तेव्हापासून माझ्या हाताचं असं तिला काहीच लागलेलं नाही. ही एक सर्व्हिस होती.

२८ जानेवारी
तिसरा फिल्टर आणून बसवला. दुकानदाराने मला बघून स्टूल पुढे केलं. रोजचं गिऱ्हाईक समजतो.

३१ जानेवारी, शुक्रवार, संध्याकाळ
बबडी आली. गाडी सुरू करून कान दिला आणि माझ्याकडे बघितलं. मी थंडी, ऑइल, डिंक आणि तिची आई या क्रमाने सगळं समजावलं. ऐकून घेतलं बिचारीने. मग नवा पत्ता लिहून द्यायला आत आली. टेबलावरून पेन घेतलं, पत्ता लिहिला, पेन परत ठेवायला गेली आणि थांबली. उरलेली पेनं काढून ठेवली. नळी डोळ्याला लावून तिच्यातून माझ्याकडे बघितलं.

बाबा, हे कुठून आलं? म्हटलं, पॅकिंग.

नळी घेऊन अंगणात गेली. मी टॉर्च धरला. झाकण उघडलं, तर तिसराही चेपायला लागलेला. मग सांगितलं: ऑइल बाहेरून आत दाबाने शिरतं. कागदाला आतून आधार एवढाच, ही नळी. ती जुन्यातून काढून नव्यात घालायची असते. तुम्ही माणसाचा कणा काढून घेतलात आणि वर त्याला म्हणताय, ताठ उभा राहा.

ही दारात उभी होती. हसली नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

१ फेब्रुवारी, शनिवार
कागदाचे तुकडे आत गेले असतील, सगळं साफ करून घ्यायला हवं, असं बबडीचं मत. गॅरेजला गेलो. तीन खुनी फिल्टर पिशवीत घेतले होते, पुरावा म्हणून. खुनी नव्हे, मयत. नळी बबडीने स्वतः नव्या फिल्टरमध्ये बसवून घेतली. गॅरेजवाला मला काही बोलला नाही. मीच बाकावर बसलो. पेपर वाचला. चांगला होता.

२ फेब्रुवारी, रविवार
बबडी गेली. किल्ली फिरवली, लाल दिवा लागला आणि लगेच विझला, विझायला हवा तसा. खिडकीशी वाकून विचारलं, हे सगळं शिकलीस कुठे गं? तुला तर सायकलची चेनसुद्धा मी बसवून द्यायचो. म्हणाली, बाबा, तुम्ही बसवलेली चेन पुढच्याच कोपऱ्यावर पडायची. शिकावंच लागलं.

आणि हात हलवून निघाली. गाडीचा आवाज ऐकू येत राहील तोवर फाटकात उभं राहायचं ठरवलं होतं. फार उभं राहावं लागलं नाही. इंजिन इतकं छान चाललं होतं.

रात्री जेवताना फोन आला. पोचले, दिवा लागला नाही. पुढची सर्व्हिस इकडेच एका गॅरेजमध्ये करून घेईन, तुम्ही त्रास घेऊ नका. मी म्हटलं, बरं बबडे.

पेनं टेबलावर घरंगळताहेत. कंपनीला दुसरं पत्र लिहायचं आहे, पण आज नको. ही मघाशी विचारून गेली, अहो, फोनवर आवाज असा का येत होता तुमचा? हिचे कान तसे चांगले आहेत.