डाव्या दिव्याचा धागा

अहो,

तुम्ही गेलात त्याला वर्ष होत आलं, पण तुमच्या गाडीनं मला अजून वैताग आणलाय, म्हणून लिहायला बसले. पुण्याची ती गाडीवेडी पोरं आज परत आली होती. गाडीखाली झोपून फोटो काढतात, बॉनेटवरून हात फिरवतात आणि मला सांगतात, "काकू, जपाननं अशी गाडी पुन्हा केली नाही!" मी आपली चहा करतेय. आज म्हणाले, आम्हाला विका, सगळी खरवडून नव्यासारखी करतो. रविवारी उत्तर हवंय त्यांना. तुम्ही सुटलात, मी काय सांगू?

कुवेतहून येताना लोक सोनं आणायचे, टेपरेकॉर्डर आणायचे. तुम्ही काय आणलंत? दोन दारांची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार! पेडगावच्या रस्त्यावर! खड्ड्यात तिचं पोट घासलं की तुमचा जीव कळवळायचा. माझा गुडघा दारावर आपटला, तेव्हा नाही कळवळला.

बटण दाबलं की बॉनेटमधून दिवे डोळे उघडल्यासारखे वर यायचे. ते बघायला झरीहून माणसं यायची. दसऱ्याच्या पूजेला तुमच्या आईंनी त्या वर आलेल्या दिव्यांना लाल धागा गुंडाळला. "लय माणसं बघायलेत. नजर लागंल," म्हणाल्या. तुम्ही एवढे गॅरेजवाले, पण आईचं ऐकून धाग्यासकट बटण दाबलंत! दिवे खाली गेले आणि धागाही आत ओढला गेला.

नेमक्या त्याच संध्याकाळी मला कळा सुरू झाल्या. विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळं पेटलेलं, एसटी बंद. अंधार पडायला लागला तरी धाग्यात अडकलेला डावा दिवा वर येईना. एकाच दिव्यावर तुम्ही मला परभणीला नेलंत. सीट इतकी खाली, की दवाखान्याच्या दारात दोन नर्सनी ओढून मला बाहेर काढलं. मग आपली मीरा झाली.

किती वेळा म्हटलं, तो धागा काढा, दिवा दुरुस्त करा. "आईनं बांधलाय, ऱ्हाऊ दे की." आई गेल्यावरही तेच! वर मला आमिष. "डावा डोळा उघडला की तुला नांदेडला नेतो. तू फकस्त पुढं बसायचं." मी साडीसुद्धा काढून ठेवली होती, ठाऊक आहे? पुढच्या सीटवर कायम तुमचे पाने आणि स्क्रूड्रायव्हर बसले.

त्या पोरांना गाडीचा नटबोल्ट न् नटबोल्ट पाठ आहे. पण ती कुणाला घेऊन कुठं गेली होती, हे एकानं विचारलं नाही. "तो मळका धागा कापून टाकू," म्हणाले, तेव्हा मी भरलेले कप उचलून आत घेऊन गेले. मीरा मागोमाग आली. म्हणाली, "आई, कापायचा नाही. मी सोडवते."

तर ऐका. गाडी मी विकत नाही. मीरा तो दिवा उघडेल, गाडी चालवेल, आणि मी तीच साडी नेसून पुढं बसेन. आम्ही नांदेडला जाणार. धागा माझ्या मनगटाला असेल.

पण न्यायचं तुम्ही होतं हो!

तुमची, अजून रागावलेली,
सुमन