गळलेलं पान

आई, तुला नमस्कार.

आधीच सांगतो, माझी नोकरी शाबूत आहे.

आमच्या नाटक कंपनीत एका जुन्या कादंबरीचं नाटक बसवताहेत. त्याची संहिता मीच स्वच्छ अक्षरात उतरवतो. त्यात एक पान माझ्याकडून गळलं. मुलगा घर सोडतो तेव्हाचं नाटकातल्या आईचं अख्खं भाषण! तालमीत बोलायला काहीच नाही, म्हणून नटी नुसती त्याची पिशवी बांधत राहिली.

दिग्दर्शक ओरडले, "भाषण कोणी कापलं?"

 मी उभा राहून चूक कबूल केली.

"बस खाली. या प्रसंगात महिनाभर मला जे जमलं नाही, ते तू चुकून केलंस. आता हे असंच राहू दे."

तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग.

मी निघालो तेव्हा तू एक शब्द बोलली नव्हतीस, त्याचा मला आजवर राग होता. आता राहिला नाही.

तुझा,
धाकटा