नऊ प्रयोगांचं नाटक

३ फेब्रुवारी

वाचलं! नाट्यगृहाच्या नव्या दिग्दर्शिकेने दादाचं संगीत नाटक वाचलं. तेही दोनदा. आज ऑफिसात बोलावलं आणि मी नीट बसायच्या आत म्हणाली, “हे नऊ प्रयोगांत बंद कसं पडलं हो?”

अठ्ठावीस वर्षं हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून वाट पाहिली. आणि विचारला तर मी काय केलं — रडले! सत्तावन्न वर्षांची संगीतशिक्षिका परक्या टेबलापाशी नाक पुसत बसली. शोभा सगळी.

मग सांगितलं जमेल तसं. त्या वर्षी लोकांना झगमगाट हवा होता, नाच हवे होते. आणि दादाच्या ‘पत्ता अपुरा’त काय — टपाल कचेरीची मागची खोली, करड्या कोटातल्या बारा बायका आणि कुणालाच न पोचलेल्या पत्रांचे ढीग. नायिका जन्मभर ती पत्रं उघडून त्यांची माणसं शोधते. शेवटी एक पत्र तिच्याच नावाचं निघतं. ते मात्र ती उघडत नाही. हातात धरून नुसती उभी राहते. वाद्य नाही, शब्द नाही. पडदा.

“शेवटाला अंगावर काटा आला,” ती म्हणाली. आता त्या संहितेतली अर्धी मी आठवून आठवून टाइप केलीय — दादाने वह्या कधीच रद्दीत घातल्या. पण शेवट लिहिताना मला आठवावं लागलं नाही.

घरी येऊन दादाला सांगितलं. नाकात नळी, शेजारी प्राणवायूचं यंत्र घुरघुरतंय. म्हणाला, “मास्तरीणबाई, नसती उठाठेव.” दहा मिनिटांनी डोळे न उघडताच — “चष्मा आहे का तिला? वाचणाऱ्यांना असतो.”

झालं. ती चष्मेवाली झाली.

६ फेब्रुवारी

दिवसभर डोक्यात नटमंडळीच. सातवीच्या वर्गात भलतंच गाणं वाजवायला लागले, पोरी हसल्या.

नायिका पंचेचाळीसच्या पुढचीच हवी. तेव्हा सव्वीस वर्षांची घेतली हीच चूक झाली. वापरलेला आवाज हवा. आमच्या दाताच्या डॉक्टरांकडे ती सहायक आहे ना, “तोंड उघडा, आता चूळ भरा” इतक्या शांतपणे म्हणते — तशी कुणीतरी. बारा बायकांत एकही पोरगेली नको. गुडघे दुखणाऱ्या हव्यात, म्हणजे बसता-उठताना खऱ्या वाटतील.

आणि टपाल कचेरीचा तपासनीस! तो तर ठरलाय. कोपऱ्यावरचा किल्लीवाला. कानस घासत गातो, खर्जातला आवाज, दुकानाची काच थरथरते. विचारलंसुद्धा. “मी?” म्हणाला आणि चुकीची किल्ली कापून बसला.

दादाला यादी वाचून दाखवली. “दातवाली चांगली आहे,” म्हणाला. “प्रेक्षक तरी आ वासून बघतील.” मग हसला, मग खोकला, मग वहिनीने मला खोलीतून हाकललं.

११ फेब्रुवारी

डॉक्टर वहिनीला म्हणाले, फार लांबचे बेत करू नका. चष्मेवालीकडे मोकळी तारीख सप्टेंबरमधली आहे.

१९ फेब्रुवारी

नाट्यगृहाच्या मंडळाची बैठक झाली. मी बाहेर बाकावर. आत हशा पिकत होता, तो कशावर कोण जाणे.

चष्मेवाली बाहेर आली ती मान खाली घालून. मंडळ तयार आहे, जूनची तारीखही द्यायला तयार आहे — पण नायिका बाईच हव्यात. बाई म्हणजे तेव्हाची नायिका. तेव्हा तिला कुत्रं ओळखत नव्हतं, आता तिच्या नावावर दोन-दोन महिने आधी नाट्यगृह भरतं. किल्लीवाला नको. “हौशी माणूस नको,” असं म्हणाले. छोट्या पडद्यावरचा कुणी गोरागोमटा घेणार.

मी म्हटलं, “पण तपासनीस दिसायला ओबडधोबड हवा!”

“मला कळतं हो,” ती म्हणाली. तिला कळतं. मला कळतं. आम्हा दोघींच्या कळण्याला विचारतो कोण?

२० फेब्रुवारी

किल्लीवाल्याला सांगितलं. तपासनिसाची चारही गाणी त्याने पाठ केली होती. रागावला नाही. कानस खाली ठेवली आणि विचारलं, “मग आता विसरायची का?”

तिथून शाळेपर्यंत कशी आले, आठवत नाही.

२७ फेब्रुवारी

बाईंकडे गेले. दार स्वतः उघडलं. चोपन्न वर्षांची आहे आणि मेली अगदी हवी तशी दिसते — थकलेली, सरळ पाठीची. रागच आला. माझ्या मनातली नायिका मला न आवडणाऱ्या बाईत जाऊन बसलेली!

चहा दिला. दादाची विचारपूस केली. नळीचं सांगितलं तेव्हा हातातला कप खाली ठेवला.

मग म्हणाली, “काम करते. एकच अट आहे. शेवटी मला गाणं हवंय.”

“शेवटी गाणं नाहीये,” मी म्हटलं.

“माहितेय मला. तरी हवंय. पत्र उघडायचं आणि गायचं. दादांना विचारा तुम्ही.”

म्हणजे बघा! साऱ्या नाटकात एकच जागा अशी, जिथे नटीने काही न करता उभं राहायचंय — आणि हिला तिथेच गळा दाखवायचाय. नऊच्या नऊ प्रयोग मी सज्जातून पाहिलेत. त्या शांततेत माझ्या शेजारचा म्हातारा टोपी काढून बसला होता. ते घालवून आता टाळ्या घ्यायच्या?

“विचारते,” म्हटलं आणि निघाले.

१ मार्च

विचारलं नाही. दोनदा त्याच्या दारापर्यंत गेले. तो झोपला होता, एकदा खरा, एकदा बहुतेक सोंग.

नाही म्हणावं तर नाटक नाही. हो म्हणावं तर नाटक आहे, पण त्याचा प्राणच गेलेला. आणि जून तीन महिन्यांवर.

बाईंना फोन केला — “दादाची हरकत नाही.” त्यावर बाई, “खरंच? काही म्हणाले?” मी म्हटलं, “नाही. काही नाही.” फोन ठेवताना बाईंचा आवाज पडलेला वाटला. एवढं मनासारखं झालं, तरी!

सख्ख्या भावाच्या नावाने थाप मारली. आजपर्यंत मुलांच्या प्रगतिपुस्तकावरची खोटी सही ओळखून पालकांना बोलावत आले.

१४ मार्च

वाचन झालं. गोरागोमटा उशिरा आला, लवकर गेला. शेवटचं गाणं नाट्यगृहाच्या संगीतकाराने नवं बांधलंय. गोड आहे. साखर तोंडात कोंबल्यासारखं गोड. बाई ते नुसतं पुटपुटली, गायली नाही. सारखी माझ्याकडे बघत होती. मी पानं चाळत राहिले.

चष्मेवाली हळूच म्हणाली, “दादांना हे चालतंय म्हणजे कमाल आहे त्यांची.”

२२ मार्च

दादा स्वतःहून म्हणाला, “शेवट कसा करतायत?”

“जसा होता तसाच,” मी.

“अच्छा,” म्हणाला आणि भिंतीकडे वळला. वहिनी उशी सरळ करत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. वहिनीला सगळं कळतं, पण ती बोलून दाखवत नाही. तेच जास्त वाईट.

२ एप्रिल

दोन जिने चढून खोलीत येईपर्यंत त्याला तीनदा बसावं लागतं. जूनमध्ये नाट्यगृहात न्यायचं कसं? चाकाची खुर्ची आत जाते का, हे विचारायला गेले. रखवालदाराने मापाची पट्टी आणून दार मोजलं. जाते. एवढं एक तरी काम झालं.

आणि खुर्चीत बसून तो काय ऐकणार? साखर!

५ एप्रिल

सांगून टाकलं. दुपारी वहिनी औषधं आणायला गेली, तेव्हा. बाईची अट, माझा फोन, ते नवं गाणं, सगळं. म्हटलं, “दादा, मी तुझा शेवट विकला. तू नाही म्हण, मी उद्याच्या उद्या थांबवते. जून गेला खड्ड्यात.”

त्याने डोळे मिटले, डोळ्यांच्या कडेने पाणी आलं, कानापर्यंत ओघळलं. मी पुसायला गेले तर हाताने बाजूला सारलं.

म्हटलं, संपलं. नाटकही आणि आमचं दोघांचंही.

६ एप्रिल

सकाळी त्याने हाक मारली. तुकड्यातुकड्यांनी बोलला, मध्ये श्वास घेत. शेवटी गाणं होतं. पहिल्यापासून होतं. पहिल्या प्रयोगाला बाई ते विसरली — पत्र हातात, तोंडून शब्द फुटेना, वाद्यवाले थांबले, पडदेवाल्याला वाटलं झालं. विंगेत येऊन ती ओक्साबोक्शी रडली. आणि मी सज्जातून धावत खाली गेले, दादाच्या गळ्यात पडले, म्हटलं, “दादा, असा शेवट कुणाला सुचला नसता!”

“तू इतकी खूश होतीस,” तो म्हणाला. “मग राहू दिला तसाच.”

मला पेन घ्यायला लावलं. तीन कडवी सांगितली, एकही शब्द न अडखळता. मग म्हणाला, “बाईला फोन कर. दुसऱ्या कडव्यानंतर श्वास घे म्हणावं. तालमीतही तिथेच घाबरायची ती.”