कल्याण ते नाशिक पाच दिवस

अहो मथूचे बाबा,

तुम्ही बैलगाडीच्या चाकाला वंगण घालत होता, मी अंगण सारवत होते. मथूला माहेरपणाला आणायला निघायचं होतं तुम्हाला. मी विचारलं, "आगगाडीने का जात नाही?" तुम्ही म्हणालात, "त्या गाडीत माणूस पोचतो, पण कुठून गेला ते त्याला सांगता येतं का?" मग बोटांवर मुक्काम मोजलेत. पडघे, शहापूर, घाटाचा पायथा, इगतपुरी, आणि पाचव्या दिवशी नाशिक. ते पाच दिवस माझ्या डोक्यात कायमचे बसले.

आज त्यांच्यापायीच लिहायला बसले आहे. सकाळपासून एका जागी ठरत नाही. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडले.

तुम्हाला ताप चढला तेव्हा शेजारचे विठूभाऊ दारात आले. ते स्टेशनात हमालीला. म्हणाले, "वहिनी, मथूला तार करून येतो." मी म्हटलं, "नको भाऊजी. पाच दिवसांची वाट. ती येईस्तोवर हे उठून बसतील."

"अहो, आगगाडी कशाला आहे मग?"

मी ऐकलं नाही. रोज शिट्टी कानावर पडते, तरी मी बैलांच्याच पायांनी मोजत राहिले. दोन दिवस तुम्ही मथूचं नाव घेत होता. तिसऱ्या दिवशी गेलात.

मग मी तिला पत्र घातलं. ते मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती सकाळी आगगाडीत बसली आणि दुपारी माझ्यापुढे उभी. एवढंच होतं का हो नाशिक?

तिने विचारलं, "आई, आजारपणाचं का कळवलं नाहीस?" माझ्या तोंडून गेलं, "कळवलं होतं गं. पत्र पोचलं नसेल."

काल तिचं पत्र आलं. घरचं टपाल जावईबापू आणतात, तेव्हा आजारपणाचं ते पत्र त्यांनीच दडवलं असं तिने धरलं आहे. त्यांनी शपथ घेतली, तरी तिला पटत नाही. महिनाभर बोलणं टाकलं आहे. लिहिते, "ज्याने बाबांचं तोंड बघू दिलं नाही, त्याला दोन वेळ वाढते, एवढंच."

पोथीवर बोट ठेवून मी अक्षरं लावायची, तेव्हा तुम्ही म्हणायचात, "वाचून काय करणार आहेस?" हेच वाचायचं होतं का? तुमचाही राग येतो मला. एकदा तरी त्या गाडीत बसला असतात, तर मलाही कळलं असतं. पण खोटं बोलले ती मी. ते तुमच्या माथी कसं मारू?

पत्राने कळवून भागणार नाही. जावईबापूंनीच आईकडून लिहवून घेतलं म्हणेल. जायलाच हवं. तुम्हाला जाऊन अजून वर्ष सरलं नाही, घराबाहेर पडले तर लोक नावं ठेवतील. ठेवू देत.

तुम्हाला शब्द देते. मथूला खरं सांगेन, आणि जावईबापूंच्या समोर सांगेन. मग तिने माझ्याशी बोलणं टाकलं तरी सोसेन.

तुमची,
मथूची आई

मागाहून लिहिते. दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या गाडीने नाशकाला गेले, दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं.