अब्वोलीच्या चार एकरांची व्यवस्था

मी, काहुंडे जसिंता, वय चोवीस, राहणार क्यारुहंगा, जिल्हा होइमा, कायद्याची पदवीधर (घरातली पहिली, आई हे मला जेवतानाही विसरू देत नाही), कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. मला काही झालेलं नाही. पण मी जंगलातले शिकाऱ्यांचे तारेचे फास काढत फिरते, आणि फास लावणाऱ्यांना माझं नाव ठाऊक आहे. ब्येन्क्या काकांच्या मते जिवंतपणी मृत्युपत्र लिहिणं अशुभ. मेल्यावर लिहिलेलं नोंदणी कार्यालय घेत नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

१. आजोबांनी माझ्या नावे केलेली ओढ्याकाठची चार एकर झाडी. मी मृत्युपत्राविना गेले, तर कुळातले थोरले म्हणून काका ती घेतील आणि तिथे ऊस लावतील. चिंपांझीला मारलं तर कायदा तुरुंगात टाकतो. ती झोपते ते झाड मालकाने तोडलं, तर तोच कायदा हाताची घडी घालून बघतो. झाडी मला थेट अब्वोलीला द्यायची होती. अब्वोली म्हणजे तिथली म्हातारी चिंपांझी, आमच्या अंगणातल्या फणसावर डल्ला मारणारी. कारकून म्हणाला, "ताई, तिचं ओळखपत्र आणा, मग बघू." म्हणून झाडी माझी बहीण बासेमेरा हिला, एकही झाड न तोडण्याच्या अटीवर.

२. आमच्यात प्रत्येकाला एक लाडाचं नाव असतं, घरचे त्याच नावाने हाक मारतात. अब्वोली हे तसंच नाव. आजोबांनी तिला दिलेलं. ज्याला तशा नावाने हाक मारली त्याला घराबाहेर काढायचं नाही, हा त्यांचा नियम. काका तिला "ते जनावर" म्हणतात. त्यांनी एकदा जरी तिला अब्वोली म्हटलं, तर झाडीवरचा त्यांचा आक्षेप संपला असं धरावं.

३. फास कापायची पक्कड माझ्यासोबत पुरू नये. बासेमेराला ती लागेल. आजोबांची खुर्ची मी काकांना आजच दिली, कारण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, आणि पहिल्या साक्षीदाराचा मान त्यांना सोडवेना.

वरील सर्व दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवलं. काकांचं लक्ष खिडकीबाहेर, फणसाकडे होतं.

क्यारुहंगा, ९ फेब्रुवारी २०२३
(सही) काहुंडे जसिंता

साक्षीदार पहिले: (सही) ब्येन्क्या. "हे मला मान्य नाही. घरातला मोठा म्हणून सही केली. आणि त्या अब्वोलीला कुणीतरी सांगा, वरचे दोन फणस तरी आम्हाला ठेव."

साक्षीदार दुसरे: (सही) तिबानानुका, शिक्षक. "वरील शेरा ब्येन्क्या यांनी माझ्यासमोर, त्यातल्या नावासकट, स्वतःच्या हाताने लिहिला."