हातावरचं दही

प्रिय आई,

इथूनच वाकून नमस्कार. डोंगरात फोनला रेंज नव्हती, म्हणून काळजी करत बसू नकोस. घाट उतरलो, आता एका खेड्यातल्या दुकानाच्या पायरीवर बसून हे कार्ड लिहितोय.

सायकल धड आहे, मीही. हा मुलूख आपल्या माणदेशासारखाच कोरडा. खडीचा रस्ता, करडी झुडपं आणि गाई. कुरणाचं फाटक आलं की उतरायचं, उघडायचं, पलीकडे जाऊन परत लावायचं. लावताना मी गाईंना म्हणायचो, "चला, येतो." दिवसभरात तेवढंच बोलणं.

एक पिकअपवाला मात्र थांबला. "ऑल अलोन?" म्हणाला. मी सांगितलं, वाइफ मागून येतेय. का सांगितलं कोण जाणे. अपूर्वा तर तिकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला, मिसिसागालाच आहे, तिचं काम छान चाललंय. तिला हे सांगू नकोस.

बाबांचा गुडघा कसा आहे? जिना चढू देऊ नकोस त्यांना.

एक विचारायचं होतं. सरेच्या घरून निघताना हातावर दही घालायला कोणी नव्हतं. मग मीच डाव्या हाताने उजव्या हातावर घातलं. तसं चालतं ना गं?

तुझा,
राजस