कवळीच्या डिझाइनमधली चूक

३ मार्च
बसली! खालची कवळी. हाडात समोर टायटॅनियमच्या दोन खुंट्या, त्यांवर ती टिचकन बसते. रात्री काढून ठेवायची. फार दिवस घोटलेलं, गाळलेलं गिळलं. आता चारचौघांत बसून चावून खाणार. डेंटिस्टबाईंनी बजावलं, हाड एवढंच उरलंय, खुंट्या गेल्या तर पुन्हा नाहीत. बाई माझ्या मुलीपेक्षा लहान. मान डोलावली.

९ मार्च
घोटाळा सापडला. दाढेनं चावलं की कवळी मागे किंचित दबते. म्हणजे जोड ढिला. जन्मभर क्रेन डिझाइन केल्या. ढिला जोड मला झोपेतही कळतो. बाईंना फोन. म्हणाल्या, काका, दबू द्या, जोडात नायलॉनच्या रिंगा त्यासाठीच आहेत. हे साइटवर मी म्हणालो असतो तर घरी बसवलं असतं.

१२ मार्च
रिंगा चिमट्यानं उपसल्या. जागी एपॉक्सीचा कडक गोंद. बायकोनं विचारलं, अहो, दात आहेत की गळका नळ? कामात होतो.

१३ मार्च, सकाळ
खडक! तसूभर हलत नाही. काढताना जबडा हातात येईलसं वाटलं. सबब, रात्री काढणं रद्द.

३० मार्च
मेहुणा जेवायला. त्याच्यादेखत अख्खं सफरचंद पुढच्या दातांनी तोडलं. म्हणाला, भाऊजी, त्यानं तुमचं काय घोडं मारलंय? जळतो.

१७ मे
उजवीकडे ठणका. मऊ खाऊन खुंट्यांना आळस चढलाय. उद्यापासून कडक टोस्ट.

२ जुलै
आता खुंटीच हलते. सोमवारी दाखवू म्हटलं. बायकोनं तोवर चपला घातल्या होत्या.

२ जुलै, संध्याकाळ
बाईंनी कवळी उलटी करून एपॉक्सी पाहिलं. म्हणाल्या, काका, चावण्याचा भार हिरडीनं घ्यायचा, म्हणून ती दबायची. तुम्ही सगळा खुंट्यांवर टाकलात. भोवतालचं हाड झिजलंय. उजवी खुंटी त्यांच्या नुसत्या बोटांनी निघाली. डावी पुढच्या आठवड्यात काढायची. पुन्हा बसणार नाहीत.
निघालेली खुंटी नीट तपासली. वाक नाही, तडा नाही. म्हणजे माझा जोड शेवटपर्यंत टिकला. कच्चं निघालं ते हाड.
घरी येऊन बायकोला हे सविस्तर समजावलं. बोळक्या तोंडानं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मिक्सर लावला.